आरएनएला लावलेला दिवा: एका रंगद्रव्याचा आणि एका नाजूक रेणूचा इतिहास

१.
ऑक्टोबर १८७७. दक्षिण जर्मनीतील इमेंडिंगेन गावाजवळ डॅन्यूब नदीचे पाणी चुनखडीच्या भेगांतून जमिनीत गडप होत असे. ते पुढे जाते कोठे, यावर वाद होता. आडोल्फ क्नोप या भूवैज्ञानिकाने त्या भेगांत १० किलो फ्लोरेसीन सोडले. सुमारे ६० तासांनी १२ किलोमीटरवरील आख येथील झऱ्याचे पाणी हिरवे चमकू लागले. त्या झऱ्याचे पाणी ऱ्हाइनला मिळते. डॅन्यूबचे पाणी जमिनीखालून दुसऱ्याच नदीच्या खोऱ्यात उतरत होते, हे उघड्या डोळ्यांना दिसले.

२.
जे स्वतः दिसत नाही त्याला रंग द्यावा आणि मग रंगाचा माग काढावा, ही ती युक्ती. पेशीतील आरएनएच्या बाबतीत हीच युक्ती यशस्वी व्हायला त्यानंतर आणखी एक शतक लागले. रंग हाताशी होता, रेणूही ठाऊक होता. अडले होते ते दोहोंना जोडणाऱ्या दुव्यापाशी. हा दुवा कसा सापडला, सापडल्यावर तो मागे का पडला, आणि ज्या उणिवेमुळे मागे पडला तीच पुढे त्याचे बळ कशी ठरली, याची ही हकिकत.

३.
आरंभ प्रकाशापासून करावा लागतो. १८४५ मध्ये जॉन हर्शेल यांनी पाहिले की, क्विनीनचे पाण्यासारखे नितळ द्रावण सूर्यप्रकाशात ठेवले की त्याच्या पृष्ठभागाजवळ निळी झळाळी उमटते. १८५२ मध्ये जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स यांनी त्याचा उलगडा केला. द्रव्य डोळ्यांना न दिसणारा अतिनील प्रकाश शोषून घेते आणि अधिक तरंगलांबीचा, दिसणारा प्रकाश बाहेर टाकते. फ्लोरस्पार या खनिजातही हा गुण आढळत असल्याने स्टोक्स यांनी त्याला फ्लुओरेसन्स हे नाव दिले. मराठीत त्याला प्रतिदीप्ती म्हणतात.

४.
या गुणाचे मोल सूक्ष्मदर्शकाखाली कळते. साध्या रंगाने रंगवलेली वस्तू उजेडात पाहावी लागते. रंग अत्यल्प असेल तर तो त्या उजेडातच हरवतो. प्रतिदीप्त द्रव्याचे तसे नाही. आत जाणारा प्रकाश एका रंगाचा, बाहेर येणारा दुसऱ्या रंगाचा. मधे योग्य गाळणी लावली की पहिला अडतो आणि केवळ दुसरा डोळ्यापर्यंत पोहोचतो. पार्श्वभूमी काळीकुट्ट राहते. अमावास्येच्या रात्री दूरच्या डोंगरावरची एक पणतीही दिसते, ती पणती मोठी असते म्हणून नव्हे, तर भोवती अंधार असतो म्हणून.

५.
१८७१ मध्ये आडोल्फ फॉन बायर यांनी थॅलिक अनहायड्राइड आणि रिसॉर्सिनॉल यांच्यापासून फ्लोरेसीन तयार केले. हेच बायर पुढे कृत्रिम निळीच्या संशोधनासाठी जगाला ठाऊक झाले आणि १९०५ चे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले. १८९७ पासून जर्मन कारखान्यांची कृत्रिम नीळ बाजारात आली आणि भारतातील निळीच्या शेतीचा बाजार बसला. चंपारणच्या शेतकऱ्यांच्या दैन्याच्या कथेला या रसायनशास्त्राचीही एक किनार आहे. निळीच्या मानाने फ्लोरेसीन हा बायर यांचा लहानसा शोध होता. जीवशास्त्राला मात्र पुढे तोच अधिक उपयोगी पडला.

६.
याच काळातील आणखी एका रंगाची नोंद येथे करून ठेवायला हवी. १८५६ मध्ये ग्रेव्हिल विल्यम्स यांनी क्विनोलीनपासून एक सुंदर निळा रंग बनवला. त्याचे नाव सायनीन. कापडासाठी तो कुचकामी ठरला, कारण उन्हात तो लवकर विटे. पण १८७३ मध्ये बर्लिनच्या हेर्मान फोगेल यांना आढळले की, फोटोग्राफीच्या काचेवर योग्य रंगद्रव्य चढवले तर एरवी तिला न दिसणारे रंगही ती टिपू लागते. सायनीन कुळातील रंगांना या कामात मोठे स्थान मिळाले. बाजारात नापास झालेले हे कुळ पुढे या कथेत परत येणार आहे.

७.
आता रेणूकडे. १८६९ मध्ये ट्युबिंगेनच्या किल्ल्यातील जुन्या स्वयंपाकघरात थाटलेल्या प्रयोगशाळेत फ्रीडरिख मीशर हे तरुण संशोधक शस्त्रक्रियेच्या मलमपट्ट्यांवरील पू धुऊन त्यातील पेशी वेगळ्या करीत होते. पेशींच्या केंद्रकांतून त्यांना फॉस्फरसयुक्त असे एक नवे द्रव्य मिळाले. त्यांनी त्याला न्यूक्लीन म्हटले. त्यांचा निबंध १८७१ मध्ये, म्हणजे फ्लोरेसीनच्याच वर्षी, प्रसिद्ध झाला. पुढे या द्रव्याच्या कुळात दोन घराणी असल्याचे कळले. फीबस लेव्हीन यांनी १९०९ मध्ये एकातील रायबोज ही शर्करा ओळखली आणि १९२९ मध्ये दुसऱ्यातील डीऑक्सिरायबोज. आज त्यांना आरएनए आणि डीएनए म्हणतात.

८.
या दोन शर्करांतील फरक एका ऑक्सिजनचा. आरएनएच्या प्रत्येक शर्करेवर, दुसऱ्या क्रमांकाच्या कार्बनला, एक हायड्रॉक्सिल गट असतो. डीएनएमध्ये तो नसतो. हाच गट आरएनएच्या नाजूकपणाचे कारण आहे. जरासा अल्कलीचा संपर्क आला की हा गट शेजारच्या फॉस्फेटवर चाल करतो आणि साखळी तुटते. त्यात पेशीत, हातावर, काचपात्रावर सर्वत्र असणारी रायबोन्यूक्लिएज ही विकरे आरएनएचे तुकडे करायला टपलेली असतात. असा रेणू रंगवायचा म्हणजे ओल्या कागदावर लिहिण्यासारखे होते. पण कथेची मेखही याच हायड्रॉक्सिल गटात दडलेली होती.

९.
आरएनए पेशीत कोठे असतो, हे प्रथम दोन वेगळ्या वाटांनी कळले. स्टॉकहोममध्ये टॉर्ब्यॉर्न कास्पर्सन यांनी अतिनील सूक्ष्मदर्शकाने न्यूक्लिक आम्लांचे शोषण मोजले. ब्रुसेल्समध्ये जाँ ब्राशे यांनी रंगांचा आश्रय घेतला: मिथिल ग्रीनने डीएनए हिरवा, पायरोनिनने आरएनए तांबडा. रायबोन्यूक्लिएज विकराची प्रक्रिया आधी केली की तांबडा रंग नाहीसा होई, म्हणून तो आरएनएचाच याची खात्री पटे. १९४० च्या दशकाच्या आरंभी दोघेही एकाच निष्कर्षाला पोहोचले: ज्या पेशी भरपूर प्रथिने बनवतात त्यांच्यात आरएनए विपुल असतो.

१०.
हा निष्कर्ष जीवशास्त्राला कलाटणी देणारा होता. पण पद्धतीची मर्यादाही उघड होती. पायरोनिन धनभारित, आरएनए ऋणभारित; दोघांचे जमते ते भाराच्या ओढीमुळे. असा रंग कोणत्याही आरएनएला बिलगतो. पेशीतील हजारो प्रकारच्या आरएनएंपैकी नेमका अमुक एक कोठे आहे, या प्रश्नाचे उत्तर त्याच्याजवळ नसते. जत्रेतल्या सगळ्यांवरच गुलाल उधळला तर त्यातून एक माणूस हुडकता येत नाही. त्यासाठी विशिष्ट रेणूला, पक्क्या रासायनिक बंधाने, रंग जोडणे आवश्यक होते.

११.
प्रथिनांच्या बाबतीत ही किमया आधी साधली. हार्वर्डमध्ये अल्बर्ट कून्स आणि त्यांच्या रसायनज्ञ सहकाऱ्यांनी १९४१ मध्ये न्यूमोकोकस जिवाणूविरुद्धच्या प्रतिपिंडाला प्रतिदीप्त गट जोडला. पहिला रंग अँथ्रासीनचा, निळा. पण ऊतींची स्वतःची झळाळीही निळसरच, त्यामुळे खूण ओळखू येईना. १९४२ मध्ये त्यांनी फ्लोरेसीन वापरले आणि हिरवी खूण स्पष्ट दिसली. त्यासाठी लागणारे आयसोसायनेट बनवायला फॉस्जीन हा विषारी वायू हाताळावा लागे. १९५८ मध्ये कॅन्ससच्या जॉन रिग्ज आणि सहकाऱ्यांनी आयसोथायोसायनेट हा टिकाऊ व सोयीचा पर्याय दिला आणि ही पद्धत जगभरच्या प्रयोगशाळांत पोहोचली.

१२.
मग तोच रंग आरएनएला का लावता येऊ नये? कारण हे रसायन प्रथिनांतील मोकळ्या, चपळ अमिनो गटांना पकडते. आरएनएच्या बेसांवरही अमिनो गट आहेत, पण ते मंद असतात. शिवाय बेसांची जोडी जुळवण्याचे काम त्यांच्याकडे असते. त्यांना जबरदस्तीने रंग लावला तर आरएनए आपला जोडीदार ओळखण्याची शक्तीच गमावून बसेल. आरएनएला अशी मूठ हवी होती की जी धरली तरी त्याच्या मुख्य कामाला धक्का लागणार नाही.

१३.
ती मूठ एका जुन्या फ्रेंच शोधात होती. १९२८ मध्ये लेऑन मालाप्राद यांनी दाखवले होते की, शेजारच्या दोन कार्बनांवर हायड्रॉक्सिल गट असतील तर पेरिऑडेट त्या दोन कार्बनांमधला बंध तोडते. आरएनएच्या साखळीत मधल्या सर्व शर्करांचा तिसऱ्या कार्बनावरील ऑक्सिजन फॉस्फेटात गुंतलेला असतो. फक्त शेवटच्या शर्करेवर दुसरा आणि तिसरा असे दोन्ही हायड्रॉक्सिल गट मोकळे, शेजारी शेजारी असतात. पेरिऑडेट नेमके तेवढ्याच जागी काम करते आणि दोन अल्डिहाइड गट तयार होतात. डीएनएच्या टोकाला ही जोडी नसते, म्हणून तो अलिप्त राहतो.

१४.
ज्या हायड्रॉक्सिलमुळे आरएनए दुबळा, त्याच हायड्रॉक्सिलमुळे त्याला धरता येते. आणि धरता येते तेही एकाच ठिकाणी: रेणू शंभर बेसांचा असो की हजारांचा, मूठ एकच, अगदी शेपटीशी. अल्डिहाइडला हायड्राझाइड किंवा थायोसेमिकार्बाझाइड गट असलेला रंग सहज चिकटतो. बेसांना स्पर्श होत नाही. १९६० च्या दशकातच अ‍ॅक्रिफ्लेव्हिन हा पिवळा प्रतिदीप्त रंग या मार्गाने ट्रान्सफर आरएनएच्या टोकाला जोडला गेला होता. दुवा सापडला होता. पण तो अद्याप परीक्षानळीत होता, पेशीत नव्हता.

१५.
परीक्षानळीतही त्याने बरेच काही शिकवले. यीस्टमधील फेनिलअ‍ॅलनीनच्या ट्रान्सफर आरएनएमध्ये वाय नावाचा एक विलक्षण बेस असतो, जो निसर्गतःच प्रतिदीप्त आहे. १९७० च्या सुमारास बेल प्रयोगशाळेतील संशोधकांनी त्याच्या प्रकाशावरून रेणूच्या हालचाली अभ्यासल्या. जर्मनीत विंटरमायर आणि त्साखाऊ यांनी १९७१ मध्ये तो बेस सौम्य आम्लाने काढून त्याच्या जागी कृत्रिम रंग बसवण्याची रीत दाखवली. आरएनएला बाहेरून रंग लावता येतो, एवढेच नव्हे, तर तो लावूनही त्याचे काम चालू राहते, हा धीर या प्रयोगांनी दिला.

१६.
१९८० मध्ये ऑस्टिन येथील टेक्सस विद्यापीठात बॉइड हार्डेस्टी यांच्या गटाने पेरिऑडेटची हीच मूठ रायबोसोमच्या आरएनएंवर वापरली. त्यांच्या टोकांना वेगवेगळे रंग जोडून त्यांनी रायबोसोम पुन्हा जुळवले. दोन रंग पुरेसे जवळ असले की एक आपली ऊर्जा दुसऱ्याला देतो. थिओडोर फोर्स्टर यांनी १९४० च्या दशकात मांडलेला हा नियम १९६७ मध्ये स्ट्रायर आणि हॉगलंड यांनी रेणूंतील अंतर मोजण्याची पट्टी म्हणून सिद्ध केला होता. त्या पट्टीने आता रायबोसोममधील आरएनएंच्या टोकांमधील अंतरे मोजली गेली.

१७.
त्याच सुमारास पेशीतील शोध दुसऱ्याच वाटेने चालला होता. १९६९ मध्ये येल विद्यापीठात जोसेफ गॉल आणि मेरी लू पार्ड्यू यांनी किरणोत्सारी ट्रिटियम असलेला आरएनए आफ्रिकन बेडकाच्या अंडपेशींवर सोडला. आरएनएने आपला पूरक डीएनए शोधून त्याच्याशी जोडी जमवली. वर फोटोग्राफीचे इमल्शन चढवले की जेथे आरएनए बसला तेथे काळे कण उमटत. विशिष्ट जनुके पेशीत त्यांच्या जागीच पाहण्याचा हा पहिला मार्ग होता. त्याच वर्षी एडिनबरोच्या गटानेही स्वतंत्रपणे हे साधले.

१८.
किरणोत्सार प्रामाणिक होता, पण त्याच्यापाशी थांबावे लागे. ट्रिटियमचे कण मंदगतीने फुटतात. अंधाऱ्या पेटीत स्लाइड ठेवून आठवडे, कधी महिने वाट पाहावी लागे. कण बाहेर पडून इमल्शनमध्ये कोठेही आदळे, त्यामुळे खूण मूळ जागेपासून थोडी सरकलेली असे. पुन्हा किरणोत्सारी द्रव्य हाताळण्याची, टाकण्याची, त्याचा हिशेब ठेवण्याची कटकट होतीच. दोन वेगवेगळी जनुके एकाच वेळी दोन रंगांत पाहायची म्हटले तर काळ्या कणांना एकच रंग ठाऊक होता.

१९.
१९८० मध्ये नेदरलँड्समधील लायडन येथे बाउमन, वीगंट आणि फान डाउन यांनी, अ‍ॅम्स्टरडॅमच्या पीट बोर्स्ट यांच्यासह, या दोन वाटा एकत्र आणल्या. त्यांनी पूरक आरएनए घेतला, त्याच्या शेपटीवर पेरिऑडेटची क्रिया केली आणि तेथे प्रतिदीप्त रंग जोडला. मग तो आरएनए पेशींवर सोडला. जोडी जमली, जास्तीचा आरएनए धुऊन टाकला, सूक्ष्मदर्शकात पाहिले. आठवड्यांची प्रतीक्षा उरली नाही. खूण जेथे असायला हवी तेथेच चमकत होती. रासायनिक रंगाने थेट खूण केलेला आरएनए आता पेशीत माग काढू लागला.

२०.
त्यांनी निवडलेला जीवही मोठ्या चातुर्याने निवडला होता. क्रिथिडिया ल्युसिली हा एकपेशीय परजीवी, काळा आजाराच्या लीशमॅनियाचा नातलग. या कुळाच्या मायटोकाँड्रियात कायनेटोप्लास्ट नावाची डीएनएची गुंतवळ असते. हजारो लहान वर्तुळे, एकमेकांत अडकवलेल्या साखळीच्या कड्यांसारखी, इवल्याशा जागेत दाटलेली. तेथे पूरक आरएनएचे असंख्य रेणू एकाच ठिपक्यात बसू शकत. प्रत्येक रेणूवर रंगाचा एकच कण असला तरी सर्वांचा मिळून प्रकाश डोळ्याला पुरेसा होई. मूठ एकच असण्याची उणीव या निवडीने झाकली गेली.

२१.
पण प्रत्येक जनुक असे दाटीवाटीने राहत नाही. सामान्य जनुकाच्या पेशीत दोनच प्रती असतात. तेथे शेपटीवरच्या एकुलत्या एका रंगाचा प्रकाश त्या काळच्या उपकरणांना दिसणे शक्य नव्हते. १९८१ मध्ये येलच्या लँगर, वॉल्ड्रॉप आणि वॉर्ड यांनी दुसरा तोडगा काढला. युरिडीनच्या पाचव्या कार्बनाला, जो बेसांच्या जोडीत भाग घेत नाही, एक लांब देठ लावून त्यावर बायोटिन बसवले. विकरे असे न्यूक्लिओटाइड साखळीत गुंफून घेत. मग बायोटिनवर प्रतिपिंडे किंवा अ‍ॅव्हिडिन यांचे थर चढवून खूण हवी तेवढी ठळक करता येई.

२२.
थेट रंगवण्याची रीत त्यामुळे मागे पडली. थरांची पद्धत अधिक तेजस्वी होती आणि तिच्यावरच १९८० च्या दशकात गुणसूत्रांच्या तपासणीचे शास्त्र उभे राहिले. रक्ताच्या कर्करोगातील गुणसूत्रांची अदलाबदल ओळखण्यासाठी फिश या नावाने ती आज रुग्णालयांत वापरली जाते. १९८२ मध्ये रॉबर्ट सिंगर आणि डेव्हिड वॉर्ड यांनी कोंबडीच्या स्नायुपेशींत अ‍ॅक्टिनचा संदेशवाहक आरएनए याच मार्गाने पाहिला. पण थर वाढले की एका खुणेमागे किती रेणू आहेत हे सांगता येईना. प्रकाश वाढला, हिशेब हरवला.

२३.
येल येथील तो देठ मात्र दोन्ही पक्षांच्या उपयोगी पडला. त्याच्या टोकाला मोकळा अमिनो गट ठेवला की प्रथिनांसाठी बनलेला आयसोथायोसायनेट रंग आता आरएनएलाही जोडता येऊ लागला, आणि तोही बेसांची जोडी न बिघडवता. १९९१ मध्ये थोरु पेडरसन यांच्या गटाने प्रतिदीप्त आरएनए जिवंत पेशीत टोचला आणि तो केंद्रकातील ठरावीक ठिकाणी गोळा होताना पाहिला. १९९३ मध्ये कनेटिकटच्या जॉन कार्सन यांच्या गटाने मज्जातंतूंना आवरण घालणाऱ्या पेशींत मायेलिनचा आरएनए कणांच्या रूपाने दूरच्या फांद्यांकडे प्रवास करताना टिपला. संदेश केंद्रकातून निघून प्रथिन हवे असेल तेथे नेला जातो, हे आता हलत्या चित्रात दिसू लागले.

२४.
आणि येथे सायनीनचे कुळ परतले. उन्हात विटणारा तो रंग कापडाने नाकारला होता. पण १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून कार्नेगी मेलन विद्यापीठातील अ‍ॅलन वॅगनर आणि सहकाऱ्यांनी त्याच्या रचनेत फेरफार करून, विद्राव्यतेसाठी सल्फोनेट गट जोडून, सीवाय-३ आणि सीवाय-५ यांसारखे तेजस्वी रंग घडवले. एक नारिंगी-पिवळ्या पट्ट्यात चमकतो, दुसरा गडद तांबड्यात. दोघे एकाच वेळी वापरता येतात आणि एकमेकांस ऊर्जा देण्याइतके अनुरूपही आहेत. कॅमेरेही तोवर एकेक रेणूचा प्रकाश टिपण्याइतके संवेदनशील होऊ लागले होते.

२५.
१९९८ मध्ये फेमिनो, फे, फोगार्टी आणि सिंगर यांनी सुमारे ५० बेसांचे लहान डीएनए तुकडे घेतले, प्रत्येकावर पाच रंगकण थेट बांधले आणि अ‍ॅक्टिनच्या आरएनएवर सोडले. एका रंगकणाचा प्रकाश किती, हे आधी मोजले होते. त्यामुळे पेशीतील ठिपका किती रंगकणांचा, आणि म्हणून किती आरएनए रेणूंचा, हे गणिताने सांगता आले. २००८ मध्ये अर्जुन राज, संजय त्यागी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही रीत आणखी सोपी केली: ४८ किंवा त्याहून अधिक तुकडे, प्रत्येकावर एकच रंग. एकटा तुकडा दिसत नाही. पण सगळे एकाच आरएनएवर बसले की ठिपका चमकतो. ठिपके मोजायचे, रेणू मोजले जातात.

२६.
लायडनच्या पद्धतीतील तथाकथित उणीव, म्हणजे एका रेणूला एकच रंग, आता शिस्त म्हणून स्वीकारली गेली. प्रकाश कमी असला तरी प्रत्येक कणाचा हिशेब पक्का असतो, आणि पक्क्या हिशेबाच्या पणत्या एका ओळीत मांडल्या की अंधार हटतो. त्यातून एक गंभीर सत्य पुढे आले: एकाच जनुकसंचाच्या, एकाच थाळीत वाढलेल्या पेशींतही एखाद्या आरएनएची संख्या सारखी नसते. जनुके संथ धारेने चालत नाहीत, झटक्याझटक्याने चालू-बंद होतात. सरासरी काढणाऱ्या जुन्या पद्धतींना हा चढउतार दिसणेच शक्य नव्हते.

२७.
२००४ मध्ये ब्लँचर्ड, चू, पुग्लिसी आणि सहकाऱ्यांनी दोन ट्रान्सफर आरएनएंवर, त्यांच्यातील नैसर्गिक विलक्षण बेसांनाच मूठ करून, सीवाय-३ आणि सीवाय-५ बांधले. एकाच रायबोसोममध्ये दोघे शेजारी येताना ऊर्जा कशी सरकते, हे पाहून त्यांनी रायबोसोम योग्य आरएनए निवडताना कोणत्या पायऱ्यांतून जातो ते उलगडले. २००८ मध्ये हार्वर्डच्या जाओ आणि सालिक यांनी पेशीला एथिनिल युरिडीन खाऊ घातले. नव्याने बनणाऱ्या आरएनएमध्ये ते गुंफले गेले आणि मग क्लिक रसायनशास्त्राने त्यावर रंग बसवला. त्या रसायनशास्त्राला २०२२ चे नोबेल मिळाले.

२८.
रंगाची किंमत मात्र द्यावी लागते. सीवाय-५ चा कण एका न्यूक्लिओटाइडहून बराच जड असतो. तो चुकीच्या जागी बसला तर आरएनएची घडी बिघडते. क्लिकसाठी लागणारे तांबे आरएनएला इजा करू शकते. म्हणून रंगवलेला आरएनए रंगाविना असताना करतो तेच काम अजूनही करतो का, ही चाचणी प्रत्येक प्रामाणिक प्रयोगात आधी येते. डॅन्यूबच्या पाण्याला रंगाने काही फरक पडला नव्हता. आरएनएला पडू शकतो. माग काढण्याच्या नादात मार्गच बदलणार नाही, याची काळजी घेणे हे या शास्त्राचे अर्धे काम आहे.

२९.
त्या बदनाम हायड्रॉक्सिल गटाची कथाही अजून संपलेली नाही. २००५ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाच्या केव्हिन वीक्स यांच्या गटाने दाखवले की, साखळीतील प्रत्येक शर्करेवरच्या त्या गटाशी योग्य रसायन जोडले तर आरएनएची घडी कोठे सैल आणि कोठे घट्ट आहे, हे वाचता येते. त्याच जागी पुढे रंगासाठीही खुंट्या ठोकल्या गेल्या. सव्वाशेहून अधिक वर्षांच्या या वाटचालीत रसायनज्ञांनी आरएनएचा नाजूकपणा दूर केला नाही. तो तसाच राहिला. त्यांनी एवढेच ओळखले की साखळी जेथून तुटते, तेथूनच ती हाती धरता येते.